इम्प्लांट असताना स्तनातली गाठ शोधायची कशी?

(गोंदियात महिला आणि आरोग्यसेविकांसाठी झालेल्या जाहीर व्याख्यानाचे हे शब्दांकन. वक्त्या क्ष-किरण व सोनोग्राफी तज्ज्ञ आहेत. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. श्रोत्यांनी विचारलेले काही प्रश्न शेवटी दिले आहेत.)



रोवणी आटोपली, आता धान निसवायला लागलंय, घरी कामं काही कमी नाहीत. तरी तुम्ही एवढ्या जणी आलात. मागच्या दोन रांगांत आशाताई बसल्या आहेत. आमगाव, सालेकसा, देवरी, कुणी अगदी अर्जुनी मोरगावहून आल्यात. त्यांचे विशेष आभार, कारण आजच्या विषयातलं निम्मं काम त्यांच्याच हातात आहे.

बाहेर फलकावर विषय लिहिला आहे, 'स्तनवृद्धीची शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांमध्ये कर्करोगाचं निदान'. तो वाचून एक काकू मला म्हणाल्या, "मॅडम, आपल्याकडं हे कोण करते? हे तर सिनेमावाल्यायचं काम." प्रश्न रास्त आहे. गोंदिया जिल्ह्यात अशा शस्त्रक्रिया झालेल्या बायका फार नसतील. पण आपल्या मुली शिकायला, नोकरीला पुण्या-मुंबईला जातात, बंगळूरला जातात, रायपूर तर जवळच आहे. शस्त्रक्रिया तिथं होते, आणि दहा वर्षांनी तपासायची वेळ येते तेव्हा त्या गोंदियाच्या सोनोग्राफीच्या टेबलावर असतात. दुसरं असं, की इम्प्लांट असलेला स्तन कसा तपासायचा हे कळलं, की कुठलाही स्तन कसा तपासायचा आणि कुठं काय नजरेतून सुटतं, हेही कळतं. म्हणून हा विषय घेतला.

एक न दाखवलेला कागद

आधी एक हकिगत सांगते. त्या बाईंच्या परवानगीनं सांगते आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

एकेचाळीस वर्षांच्या सूनबाई, सोबत सासूबाई. सासूबाईच बोलत होत्या. "हिच्या उजव्या छातीत दाण्याएवढं काहीतरी लागते. मोठ्या शहरात फोटो काढला, तो नॉर्मल आहे म्हणते. पण माझं मन मानत नाही." मी मॅमोग्राफीचा रिपोर्ट मागितला. सूनबाई म्हणाल्या, "हरवला."

सोनोग्राफीचा प्रोब छातीवर ठेवला की इम्प्लांट काही सेकंदांत दिसतं. गुळगुळीत कडा, आत काळंभोर. लपण्यासारखं त्यात काही नसतं. मी सासूबाईंना म्हटलं, "मावशी, तुम्ही जरा बाहेर बसा." माझ्या खोलीत हा नियम सगळ्यांनाच आहे, थोडा वेळ पेशंट एकटीच असते. दार लागलं आणि सूनबाई रडायला लागल्या. लग्नाच्या आधी, नोकरीत असताना, स्वतःच्या पैशांनी त्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली होती. नवऱ्याला ठाऊक होतं, घरात बाकी कुणालाच नाही. आणि रिपोर्ट हरवला नव्हता. कपाटात साड्यांच्या खाली होता. त्यात लिहिलं होतं, 'दोन्ही बाजूंना इम्प्लांट आहेत, त्यामुळे तपासणीला मर्यादा; इम्प्लांट मागे सारून वेगळे फोटो काढावेत, सोनोग्राफी करावी.' म्हणजे रिपोर्ट नॉर्मल नव्हता, अर्धवट होता. आणि पुढं काय करायचं हे त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. पण त्यात 'इम्प्लांट' हा शब्द होता, म्हणून तो कागद कुणाला दाखवता येत नव्हता. त्यात सहा महिने गेले.

त्यांनी मला एकच विचारलं, "आता तुम्ही घरी सांगणार का?" मी म्हटलं, "नाही. घरी सांगायचं की नाही, कधी सांगायचं, ते तुम्ही ठरवा. पण जो तपासतोय त्याच्यापासून लपवू नका."

गाठ इम्प्लांटच्या पुढं, ग्रंथीत होती. बारा मिलिमीटर, कडा खडबडीत. नागपूरला बायोप्सी झाली, कर्करोग निघाला. काखेतल्या गाठी स्वच्छ होत्या. शस्त्रक्रिया झाली, पुढचे उपचार झाले. आज चार वर्षं झाली, दरवर्षी तपासणीला येतात. सगळ्यांची गोष्ट इतक्या सरळ वळणानं जात नाही, म्हणून मुद्दाम सांगते: यंत्रानं चूक केली नव्हती आणि रिपोर्ट लिहिणाऱ्यानंही केली नव्हती. कागद कपाटात राहिला, एवढंच झालं होतं.

इम्प्लांट नेमकं कुठं असतं?

आता शरीराकडे येऊ. माझा डावा तळहात म्हणजे छातीच्या बरगड्या समजा. त्यावर छातीचा मोठा स्नायू. त्यावर स्तन, म्हणजे दुधाच्या ग्रंथी, नळ्या आणि चरबी. सगळ्यांत वर कातडी.

इम्प्लांट म्हणजे सिलिकॉनच्या कवचाची पिशवी. आत सिलिकॉनची जेल असते, नाहीतर मिठाचं पाणी. सिलिकॉन जेलचं पहिलं इम्प्लांट १९६२ साली अमेरिकेत ह्यूस्टन इथं बसवलं गेलं. ते बसवायच्या मुख्य जागा दोन. एक, ग्रंथीच्या मागे पण स्नायूच्या पुढे. दुसरी, स्नायूच्याही मागे. दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे आणि ती लक्षात ठेवा: इम्प्लांट स्तनाच्या मागे असतं, स्तनाच्या जागी नसतं. तुमची स्वतःची ग्रंथी पूर्वी होती तशीच पुढं असते. कर्करोग व्हायचा असेल तर तो त्या ग्रंथीत होतो. पिशवीत होत नाही.

शरीर कुठल्याही परक्या वस्तूभोवती आपलं एक पातळ आवरण तयार करतं. इम्प्लांटभोवतीही करतं. बहुतेकांमध्ये ते मऊच राहतं. काहींमध्ये ते आकसतं, घट्ट होतं, आणि स्तन दगडासारखा टणक लागतो. त्याचा तपासणीवर परिणाम होतो, तो पुढं सांगते.

इम्प्लांटमुळे कॅन्सर होतो का?

हा सगळ्यांच्या मनातला प्रश्न. अमेरिकेत, कॅनडात इम्प्लांट असलेल्या हजारो स्त्रियांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं. त्यांच्यात स्तनाचा नेहमीचा कर्करोग इतरांपेक्षा जास्त आढळला नाही. म्हणजे धोका वाढत नाही. पण धोका कमीही होत नाही. इम्प्लांट असलेल्या बाईला बाकी सगळ्या बायकांइतकीच तपासणी लागते.

एक वेगळा आजार मात्र आहे, तो सांगायलाच हवा. इम्प्लांटभोवतीच्या आवरणात एक प्रकारचा लिम्फोमा होऊ शकतो. हा स्तनाचा कर्करोग नव्हे, पांढऱ्या पेशींचा कर्करोग आहे. तो फार दुर्मीळ आहे आणि प्रामुख्यानं खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी जोडलेला आहे. त्यामुळेच २०१९च्या जुलैमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सांगण्यावरून एका कंपनीची खरखरीत इम्प्लांट जगभरातून परत घेतली गेली. याची खूण काय? शस्त्रक्रियेला बरीच वर्षं उलटून गेल्यावर, काही लागलं-खुपलं नसताना एक स्तन अचानक सुजतो, इम्प्लांटभोवती पाणी साचतं. असं झालं तर थांबू नका. ते पाणी सुईनं काढून तपासायला पाठवावं लागतं. वेळेत कळलं तर इम्प्लांट आणि भोवतीचं आवरण काढून टाकल्यावर बहुतेक रुग्ण बरे होतात. ज्यांना काहीच त्रास नाही त्यांनी घाबरून इम्प्लांट काढून घ्यायची गरज नाही.

मॅमोग्राफीला काय दिसतं, काय दिसत नाही

मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा एक्स-रे. स्तन दोन पट्ट्यांमध्ये दाबून फोटो काढतात. एका स्तनाचे दोन, दोन्हींचे मिळून चार. फोटोत चरबी काळपट दिसते, ग्रंथी पांढरट दिसतात आणि कर्करोगाची गाठही पांढरीच दिसते. तरुण बायकांच्या स्तनात ग्रंथी दाट असतात, म्हणून त्यांच्यात गाठ ओळखणं कठीण जातं. पहाटेच्या धुक्यात बांधीत उभा असलेला बगळा शोधायचा, तसं ते आहे.

आता त्यात इम्प्लांट आणा. सिलिकॉनमधून एक्स-रे फारसे पार जात नाहीत. फोटोत एक मोठा, अंडाकृती, पांढराशुभ्र गोळा दिसतो, आणि त्याच्या पुढंमागं जे काही असेल ते झाकलं जातं. शिवाय इम्प्लांट असताना ग्रंथी नीट दाबताही येत नाही. न दाबलेली ग्रंथी एकावर एक चढते, फोटो गढूळ येतो.

हे किती महाग पडतं? २००४ साली अमेरिकेत एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. कुठलीही तक्रार नसताना नेहमीच्या तपासणीसाठी आलेल्या स्त्रियांचा तो अभ्यास होता. ज्यांना इम्प्लांट नव्हतं, त्यांच्यात मॅमोग्राफीनं १०० पैकी साधारण ६७ कर्करोग पकडले. इम्प्लांट असलेल्यांमध्ये फक्त ४५. पण त्याच अभ्यासात एक दिलासाही होता. इम्प्लांट असलेल्या स्त्रियांचे कर्करोग निदानाच्या वेळी जास्त पुढच्या टप्प्यावर गेलेले आढळले नाहीत. याचं एक कारण असं असू शकतं, की इम्प्लांट ग्रंथीला पुढं ढकलतं आणि मागून टणक आधार देतं, त्यामुळे गाठ हाताला लवकर लागते. पोळपाटावर ठेवलेला खडा बोटाला लगेच कळतो, गादीवरचा कळत नाही. म्हणजे यंत्राची नजर जिथं कमी पडते, तिथं हाताचा उपयोग होतो. हा धागा मी शेवटी पुन्हा घेणार आहे.

मागे सारून काढलेला फोटो

या अडचणीवर उपाय निघाला आहे, आणि तो काही नवा नाही. १९८८ साली एक्लंड नावाच्या अमेरिकी क्ष-किरण तज्ज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक पद्धत मांडली. आजही ती त्यांच्याच नावानं ओळखली जाते. यंत्र तेच राहतं, हाताची पद्धत तेवढी बदलते.

टेक्निशियन बोटांनी इम्प्लांट हळूच छातीच्या भिंतीकडे मागं सारते आणि पुढची ग्रंथी पुढं ओढून घेते. पट्ट्यांमध्ये मग फक्त ग्रंथी दाबली जाते, इम्प्लांट बाहेर राहतं. आधी इम्प्लांटसकट चार फोटो, मग मागं सारून चार. म्हणजे चारच्या जागी आठ. वेळ जास्त लागतो, किरणांचा डोस थोडा वाढतो, पण तो सुरक्षित मर्यादेतला असतो आणि पूर्वी न दिसणारी बरीच ग्रंथी दिसायला लागते.

इम्प्लांट स्नायूच्या मागे असेल तर हे सोपं जातं. स्नायूच्या पुढे असेल तर जरा अवघड. आणि मघाशी म्हटलं तसं आवरण आकसून टणक झालं असेल, तर इम्प्लांट मागं सरतच नाही. मग बाजूनं एखादा जादा फोटो घेऊन आणि सोनोग्राफी जोडून काम भागवावं लागतं.

आता यातली मेख बघा. हे सगळं करायचं तर टेक्निशियनला आधी माहीत हवं. अपॉइंटमेंट घेतानाच सांगितलं तर जास्त वेळ ठेवला जातो आणि ही पद्धत येणारी व्यक्ती हजर असते. आयत्या वेळी कळलं तर घाईघाईत चार फोटो निघतात आणि रिपोर्टमध्ये 'मर्यादा' हा शब्द येतो. त्या सूनबाईंचं हेच झालं होतं.

सोनोग्राफी आणि एमआरआय

आपल्याकडं सोनोग्राफी म्हटलं की पोटातलं बाळच डोळ्यांपुढं येतं. पण स्तनासाठी ती फार कामाची आहे. तिला इम्प्लांट आड येत नाही, कारण ग्रंथी इम्प्लांटच्या पुढं असते आणि आवाजाच्या लहरी पुढूनच जातात. हाताला लागलेली गाठ पाण्याची आहे की भरीव, कडा गुळगुळीत आहेत की खडबडीत, ती ग्रंथीत आहे की ती इम्प्लांटची नुसती घडी आहे, हे सोनोग्राफी सांगते. पण कॅल्शियमचे बारीक कण तिला नीट दिसत नाहीत. आणि कधी कधी कर्करोगाची पहिली खूण तेवढीच असते. म्हणून एकीच्या जागी दुसरी चालत नाही, दोन्ही लागतात.

एमआरआय सगळ्यांत जास्त दाखवते, इम्प्लांटच्या मागचंसुद्धा. पण ती महाग आहे आणि सरसकट प्रत्येकीला लागत नाही. घराण्यात स्तनाचा किंवा बीजांडाचा कर्करोग असेल, किंवा बाकी तपासण्यांनी उलगडा होत नसेल, तर डॉक्टर ती सांगतात.

फसवणाऱ्या दोन गोष्टी इथंच सांगते. पहिली, फुटलेलं इम्प्लांट. आतून फुटलं तरी बाईला कित्येकदा कळतही नाही. सिलिकॉन झिरपून काखेतल्या गाठींत जाऊन बसतं, त्या गाठी फुगतात आणि कर्करोग पसरला की काय अशी शंका येते. सोनोग्राफीत अशा गाठीमागं बर्फाचं वादळ उठल्यासारखा पांढरा धुरळा दिसतो, त्यावरून जाणकार ओळखतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाचा सल्ला असा आहे, की सिलिकॉनचं इम्प्लांट बसवल्यावर पाच-सहा वर्षांनी एकदा आणि पुढं दर दोन-तीन वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करून ते शाबूत आहे का हे पाहावं. ही तपासणी पिशवीची झाली, कर्करोगाची नव्हे. दोन्ही वेगवेगळ्या आहेत. एक केली म्हणजे दुसरी झाली असं समजू नका.

दुसरी, पोटाची किंवा मांडीची चरबी काढून स्तनात भरण्याची पद्धत. यात पिशवी नसते म्हणून बायकांना वाटतं, सांगायची गरज नाही. पण भरलेल्या चरबीपैकी काही मरते, तिथं तेलाच्या गाठी होतात, कॅल्शियम साचतं आणि ते कधी कधी कर्करोगासारखं दिसतं. आधी माहीत असेल तर एखादी बायोप्सी वाचू शकते.

सोबत काय न्यायचं

एक साधी चिठ्ठी करून ठेवा. शस्त्रक्रिया कुठल्या साली झाली. दोन्ही बाजूंना की एका. सिलिकॉन की मिठाचं पाणी. स्नायूच्या पुढे की मागे. पृष्ठभाग गुळगुळीत की खरखरीत. शस्त्रक्रियेनंतर बहुधा एक कार्ड मिळतं, त्यावर कंपनी आणि क्रमांक असतो. त्या कार्डाचा मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. आणि आधीचे रिपोर्ट, कितीही जुने असले तरी. आम्ही रिपोर्ट वाचतो तेव्हा नवीन काय आहे यापेक्षा बदललं काय, हे जास्त शोधतो.

घरी महिन्यातून एकदा आपला हात आपल्या छातीवरून फिरवा. पाळी येत असेल तर ती संपल्यावर. बोटांच्या टोकांनी नव्हे, मधल्या तीन बोटांच्या पेरांनी, गोल गोल, काखेपर्यंत. इम्प्लांट असेल तर त्याची कड कुठं लागते, घडी कुठं आहे, हे पहिल्या दोन-तीन महिन्यांत ओळखीचं होतं. मग त्यापेक्षा वेगळं काही लागलं तर लगेच कळतं. "ती इम्प्लांटची कडच असेल" असं म्हणून सोडून देऊ नका. आणखी खुणा म्हणजे कातडीला खळी पडणं, संत्र्याच्या सालीसारखी कातडी होणं, बोंड आत ओढलं जाणं, त्यातून रक्तासारखा स्राव येणं, काखेत गाठ येणं.

हाताची किंमत: मुंबईचा अभ्यास

आता मघाचा धागा. तुम्ही म्हणाल, मॅडम, आठ फोटो, एमआरआय, हे सगळं ठीक. पण सालेकशाच्या गावात काय? तिथं मॅमोग्राफी नाही.

भारतात २०२२ या एका वर्षात स्तनाच्या कर्करोगाचे अंदाजे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण झाले आणि ९८ हजारांच्या आसपास मृत्यू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं गेलं, की स्तनाच्या कर्करोगासाठी तुमची कधी तपासणी झाली आहे का? देशभरात 'हो' म्हणणाऱ्या शंभरात एकसुद्धा भरत नव्हत्या.

मुंबईत टाटा मेमोरियल हॉस्पिटलनं १९९८ साली एक अभ्यास सुरू केला. ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ बायका. वीस वस्त्या घेतल्या. दहा वस्त्यांत प्रशिक्षण दिलेल्या महिला आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हातानं स्तन तपासले, अशा चार फेऱ्या झाल्या. या सेविका डॉक्टर नव्हत्या. उरलेल्या दहा वस्त्यांत फक्त माहिती दिली. मग वीस वर्षं पाठपुरावा केला. डॉ. इंद्रनील मित्रा, डॉ. गौरवी मिश्रा, डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले.

ते निष्कर्ष मी वाढवून सांगणार नाही. तपासलेल्या वस्त्यांत तिसऱ्या-चौथ्या टप्प्यावर सापडलेले कर्करोग ३७ टक्के होते, न तपासलेल्यांत ४७ टक्के. म्हणजे गाठी लवकर सापडल्या, हे पक्कं. मृत्यू एकूण १५ टक्क्यांनी कमी दिसले, पण हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम ठरला नाही. पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये मात्र मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत तसा फायदा दिसला नाही. तरीही हे लहान काम नाही. शिकवलेल्या हातांनी, यंत्राशिवाय, हे करून दाखवलं.

त्या सासूबाई आठवतात ना? बाहेर बाकावर बसल्या होत्या. वय बासष्ट. सुनेची तपासणी आटोपल्यावर मी त्यांना आत बोलावलं. म्हटलं, "तुमची कधी तपासणी झाली?" तर म्हणाल्या, "मले कुठं काय झालंय?" सुनेला ओढत घेऊन येणारी ही बाई, मुंबईच्या अभ्यासात सर्वांत जास्त फायदा झाला त्याच वयोगटातली, आणि आयुष्यात एकदाही तपासलेली नाही. त्या दिवशी तपासलं. काही निघालं नाही. आता दोघी मिळून येतात.

सरकारी कार्यक्रमात तिशी ओलांडलेल्या प्रत्येक स्त्रीची दर पाच वर्षांनी हातानं स्तनतपासणी व्हायला हवी, असं ठरलेलं आहे. आपल्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. शंका आली तर पुढं गोंदियाचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, ते २०१६ला सुरू झालं. नागपूरला कर्करोगाची मोठी रुग्णालयं आहेत. कर्करोगाच्या उपचारांना महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आधार मिळतो. पूर्वी इम्प्लांट केलं होतं म्हणून त्या बाईचा कर्करोग काही वेगळा ठरत नाही. मागं स्वखर्चानं केलेली शस्त्रक्रिया कुणी पुढं काढली, तर तेवढ्यावरून माघारी फिरू नका.

प्रश्नोत्तरे

*मॅमोग्राफीत दाबल्यानं इम्प्लांट फुटणार नाही का?*

क्वचित फुटल्याच्या नोंदी आहेत, विशेषतः जुन्या इम्प्लांटच्या. पण धोका फार थोडा आहे, आणि मागं सारण्याच्या पद्धतीत तर इम्प्लांट पट्ट्यांखाली येतच नाही. या भीतीपोटी तपासणी टाळणं जास्त धोक्याचं.

*बायोप्सीची सुई पिशवीला लागली तर?*

म्हणूनच ती सोनोग्राफीत बघत बघत करतात. सुई छातीच्या भिंतीला समांतर ठेवतात, टोक कुठं आहे ते पडद्यावर दिसत असतं. इम्प्लांट आहे म्हणून बायोप्सी टाळायची नसते.

*कॅन्सरमुळे स्तन काढला आणि तिथं इम्प्लांट बसवलं, तर त्या बाजूची मॅमोग्राफी करायची का?*

पूर्ण स्तन काढला असेल तर त्या बाजूला सहसा मॅमोग्राफी करत नाहीत. डॉक्टर हातानं तपासतात, गरज वाटली तर सोनोग्राफी सांगतात. दुसऱ्या बाजूची मात्र वेळच्या वेळी करायची. आणि काहींना इम्प्लांटआधी फुगवण्याची तात्पुरती पिशवी बसवलेली असते, तिच्यात कधी कधी लोहचुंबक असतं. तसं असेल तर एमआरआयच्या खोलीत जाण्यापूर्वी सांगायलाच हवं.

*(एका तृतीयपंथी श्रोतीचा प्रश्न) मॅडम, आमच्यात पुष्कळ जणींनी छातीचं ऑपरेशन केलंय, हार्मोनच्या गोळ्याही चालू आहेत. आम्हाला लागते का हे?*

चांगलं विचारलंस, ताई. हो. नेदरलँड्समध्ये २०१९ला अभ्यास प्रसिद्ध झाला. हार्मोन घेणाऱ्या तृतीयपंथी स्त्रियांना स्तनाचा कर्करोग होण्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त, पण इतर बायकांपेक्षा कमी आढळलं. बरीच वर्षं हार्मोन घेत असाल आणि वय वाढलं असेल, तर तपासणीबद्दल डॉक्टरांशी बोला. आणि एक कळकळीनं सांगते. पातळ सिलिकॉन कुणी थेट इंजेक्शननं टोचत असेल तर ते टोचून घेऊ नका. ते आत पसरतं, गाठी होतात, आणि मग खरी गाठ कुठली हे शोधणं आम्हालाही फार जड जातं. ज्यांनी आधीच घेतलंय त्यांनी घाबरू नका, पण तपासताना सांगा.

*(एका आशाताईंचा प्रश्न) आम्ही फॉर्म भरतो, त्यात छातीत गाठ, बोंडातून रक्ताचा स्राव, आकारात बदल, हे विचारतो. पण इम्प्लांटबद्दल कसं विचारायचं? लोक भांडायला येतील.*

बरोबर आहे. दारात उभं राहून "तुम्ही ते बसवलंय का" असं विचारलंत तर भांडणच होईल. म्हणून तसं विचारायचंच नाही. प्रत्येकीला एकच प्रश्न, तोही बाकीच्या प्रश्नांच्या ओघात: "ताई, छातीवर आजवर काही ऑपरेशन, इंजेक्शन झालंय का? झालं असेल तर तपासणाऱ्या डॉक्टरला सांगजा, मला सांगितलं नाही तरी चालेल." बासष्टच्या आजीला विचारा, बावीसच्या पोरीलाही विचारा. सगळ्यांना विचारलं की कुणालाच लागत नाही. कुणाची जुनी गाठ काढलेली असेल, कुणाचं दूध साचून झालेलं गळू कापलेलं असेल, तेही त्यातच कळेल. तीही माहिती आम्हाला हवीच असते.

आणि घरात गर्दी असेल तर विहिरीवर विचारा, बांधीच्या धुऱ्यावर विचारा. जिथं ती एकटी असेल तिथं विचारा.